मुलाकातीचा चेहरा

कडुबा हिवराळे यांनी सगळा जन्म हर्सूलच्या कारागृहात काढला, असं सांगितलं की नवखा माणूस जरा सरकून बसतो. मग कडुबाच हसून खुलासा करतात, "गजाच्या भायेरून हो! हवालदार व्हतो मी." एवढं ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा सैल पडतो, हे ते नीट बघून ठेवतात. चेहरे बघणं हीच त्यांची नोकरी होती.

त्यातही बरीच वर्षं त्यांची ड्यूटी मुलाकातीला असायची. मुलाकात म्हणजे घरच्या माणसांनी कैद्याला भेटणं. जाळीच्या अलीकडे बायको, पलीकडे नवरा आणि बाजूला भिंतीला पाठ लावून कडुबा, कान उघडे ठेवून. आतला माणूस मुलाकातीला येताना तोंड धुऊन, केस पाण्याने चापून बसवून येतो आणि एक खास चेहरा लावतो. खाणं बरं आहे, झोप लागते, काळजी करू नका. बाहेरची बाईही तशीच नटून आलेली असते. पोरं शाळेत जातात, सासूबाई ठीक आहेत, काळजी करू नका. दोघं एकमेकांना बिनदिक्कत फसवतात आणि हलक्या मनाने आपापल्या वाटेला लागतात. कडुबा याला मुलाकातीचा चेहरा म्हणायचे. तो त्यांना कुठेही ओळखू येतो, अशी त्यांची खात्री होती.

माणूस निवृत्त झाला की वर्दी उतरते, नजर काही उतरत नाही. जेलच्या पलीकडेच हर्सूलमध्ये त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. तिथे बसून दूधवाल्यावर, मीटर बघायला येणाऱ्यावर, समोरच्या घरातल्या नव्या भाडेकरूवर संशय घेऊन झाला. भाडेकरू बिचारा बँकेतला कारकून निघाला. मग नजरेला काम उरलं नाही आणि ती वळली पोटच्या पोरीवर.

रूपा जपानला शिकायला गेली होती. उशिरा झालेली एकुलती एक मुलगी. जपानी भाषा तिने इथेच, नोकरी करता करता शिकली आणि ओसाकाच्या एका भाषाशाळेत तिला प्रवेश मिळाला. तिथलं झालं की पुढे कॉलेज. गल्लीने तिला बुद्धविहारापासून रिक्षापर्यंत वाजतगाजत पोचवलं. सकाळी शाळा आणि संध्याकाळी पुस्तकांच्या दुकानात थोडं काम, असं तिने घरी सांगितलं होतं. इथे चहाची वेळ झाली की कामाच्या जागेवरून तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे तेव्हा अंधार पडलेला असे.

सुरुवातीला कडुबा कौतुकाने ऐकायचे. मग हळूहळू त्यांच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या.

"अण्णा, इथं कचरासुद्धा वार बघून टाकायचा. प्लास्टिकचा वार वेगळा, बाटल्यांचा वेगळा. आणि पिशवी आरपार दिसणारी लागते. चुकीचं काही टाकलं की पिशवी तशीच सोडून जातात, वर चिठ्ठी लावून."

"म्हंजी झडती घेत्यात?"

"झडती कसली! शिस्त आहे."

शिस्त हा शब्द कडुबांनी आयुष्यभर ऐकला होता. ज्या जागी तो फार वापरला जातो, तिथे दाराला बाहेरून कडी असते हे त्यांना माहीत होतं. पुढे एकेक गोष्ट निघत गेली. परदेशी माणसाने ओळखीचं कार्ड कायम खिशात ठेवायचं. खोली बदलली की सरकारी कचेरीत जाऊन पत्ता कळवायचा. चपला दारात काढायच्या, त्याही तोंड बाहेरच्या बाजूला करून. रेल्वेत एवढी गर्दी, पण फोनवर कुणी बोलत नाही. एकदा तिने वरणाला लसणाची फोडणी दिली तर खालच्या मजल्यावरून विचारणा आली, कशाचा वास आहे म्हणून. रूपा हे सगळं हसत सांगायची, हळूहळू आवडायला लागलंय म्हणायची. केसरबाई, म्हणजे रूपाची आई, "व्हय का" म्हणायच्या. कडुबांचा चहा मात्र तसाच थंड व्हायचा.

त्यात एक घंटी होती. बोलता बोलता मागे कुठेतरी टिंगटिंग व्हायचं आणि रूपाचा चेहरा तिकडे फिरायचा. "ठेवते अण्णा, उद्या करते." फोन बंद. घंटीला उठणारी माणसं कडुबांनी हजारांनी पाहिली होती. पुस्तकांच्या दुकानात घंटी कशाला? आणि रोज पाठीमागे तीच पिवळट भिंत. पुस्तकांच्या दुकानात एक तरी पुस्तक दिसायला नको?

फोटोंनी तर कहर केला. रूपा फिरायला जायची आणि फोटो पाठवायची. ओसाकाचा पांढराहिरवा किल्ला, नारा गावातली हरणं, जी बिस्किटासाठी माणसासमोर मान लववतात. क्योतोचं एक देऊळ, जिथे एकामागे एक अशी लाल कमानींची रांगच्या रांग डोंगरावर चढत जाते. गल्लीत सगळ्यांनी तो फोटो डोळे भरून पाहिला. कडुबा कमानी मोजत बसले. जेलच्या मुख्य दरवाजाला लाल गेट म्हणतात. त्यांच्या आयुष्याला एक लाल गेट पुरलं होतं, पोरीपुढे हजार उभी होती.

शिवाय प्रत्येक फोटोत तेच आकाशी जाकीट. किल्ल्यावर तेच, हरणांत तेच. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, आणि कार्ड प्रत्येक फोटोत उलटं केलेलं. फोटो लांबून काढलेला, म्हणजे काढणारा दुसराच कोणी. आणि एका फोटोच्या कडेला पांढऱ्या गाडीचं तोंड. दुसऱ्यातही तीच गाडी.

"एकच कपडा, गळ्यात नंबर, संगट गाडी, आन् घंटीला हजर," कडुबा केसरबाईंना म्हणाले. "मला ह्ये लक्षण नीट दिसत नाय. पोरगी कुणाच्या तरी ताब्यात हाय."

केसरबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांना हल्ली जास्त बोलता येत नव्हतं.

आता इथे कडुबांचीही एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ते स्वतः जन्मात सांगणार नाहीत. रूपा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात केसरबाईंना लकवा मारला. डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर उस्मानपुऱ्यात व्यायामाला नेत होते, त्याने तोंड बरंचसं सरळ झालं. पण हात लोंबतच राहिला. खाटेवर पडल्या पडल्या त्या पहिलं वाक्य बोलल्या ते हेच, "रूपीला सांगू नका." पोरगी कशी आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. बारावीत आईला साधा ताप आला तर ही प्रॅक्टिकल सोडून घरी आली होती. आता कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी विमानात बसली असती, आणि मग कसली शाळा आणि कसलं कॉलेज.

म्हणून कडुबा फोन असा धरायचे की केसरबाईंची उजवी बाजू तेवढी दिसावी. दोनतीन वाक्यं झाली की फोन स्वतःकडे वळवायचे. बोबडं बोलणं? दात काढलेत. दातांची ही थाप त्यांनी महिनोन्‌महिने ताणली. इतके दात तर मगरीला नसतील! आणि असा हा माणूस संशय घेणार पोरीवर. पण सांगणार कोण? आपल्या घरातली जाळी आपल्यालाच दिसत नाही.

एके दिवशी रूपाचा फोन भलत्याच वेळी आला, भरदुपारी. ती नाऱ्याला होती. "आई, बघ तरी कुठं आलेय!" तिने फोन फिरवला आणि त्या प्रचंड लाकडी मंदिरातला बुद्ध पडद्यावर आला, काळासावळा, एक तळहात समोर धरलेला, छतापर्यंत पोचलेला. केसरबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उजवा हात आपसूक कपाळापाशी गेला. डावा मांडीवर पडून राहिला. कडुबांनी चटकन फोन ओढून घेतला आणि विहाराबद्दल, हवेबद्दल, कशाबद्दलही बोलत सुटले. रूपाने मधेच एकदा "आई?" म्हटलं. मग मागून कुणीतरी जपानीत हाक मारली आणि तिने फोन ठेवला. कडुबांना वाटलं, निभावलं.

पण ती हाक त्यांच्या डोक्यातून जाईना. पुरुषाचा आवाज होता, आणि हुकमाचा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्रांती चौकात जाऊन सगळे फोटो मोठे करून आणले. चष्मा नाकावर घेऊन, पलंगावर पसरून बघत बसले, आणि मोबाइलवर जे दिसलं नव्हतं ते दिसलं. रूपाच्या मागे, हरणांच्या पलीकडे, माणसांची रांग. सगळी म्हातारी. सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या पिवळ्या टोप्या, छातीवर नावाच्या पट्ट्या. काही चाकाच्या खुर्चीत. किल्ल्याच्या फोटोतही कोपऱ्यात पिवळ्या टोप्या. आणि लाल कमानींच्या पायथ्याशीसुद्धा, गाडीपाशी, दोन दोनच्या जोडीने उभ्या.

"गिनती चाललीय, कैद्यांची करत्यात तशी," कडुबा स्वतःशीच पुटपुटले.

त्यांनी फोटो उचलले आणि शेजारच्या सर्जेराव सुभेदारांकडे गेले. सर्जेराव त्यांचे जेलमधलेच वरिष्ठ, आता गुडघ्यांमुळे घरी बसून असलेले. कडुबांनी सगळा पुरावा मांडला. सर्जेरावांनी भिंग मागवलं, बराच वेळ हं हं केलं, आणि मग खो खो हसायला लागले.

"हिवराळे, इतकी वर्षं नोकरी केली का गंमत? ह्ये बघ. रांगेच्या म्होरं एक आकाशी जाकीट, मागं एक आकाशी जाकीट. टोप्यावाले मधी. पोरीच्या अंगात काय हाय?"

"जाकीट."

"मंग ती कैदी कशी? ती तर पहाऱ्यावर हाय! तू जलमभर जे काम केलंस, त्येच करतीय पोरगी."

कडुबा फोटोकडे बघतच राहिले. पोरगी जाळीच्या आत असणार, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. ती जाळीच्या बाहेर असेल हे मनातच आलं नाही. पण सुटकेचा श्वास टाकावा तर दुसरा काटा रुतला. ही म्हातारी माणसं कोण? आणि घरी खोटं का सांगितलं? घरी येऊन ते केसरबाईंना म्हणाले, "आज उलटतपासणी हाय. खरं नाय बोलली तर सांगतो, पुरं झालं शिक्षण, ये माघारी."

संध्याकाळी फोन आला. तीच पिवळट भिंत.

"रूपा," कडुबा थेट मुद्द्यावर आले, "तू कुणावर पहारा देतीस?"

पलीकडचा चेहरा हसत होता तो तसाच थांबला. मुलाकातीचा चेहरा गळून पडताना कसा दिसतो, ते कडुबांना चांगलं माहीत होतं. पण आपल्या पोरीचा गळताना बघून त्यांना जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

"सांगते अण्णा," ती म्हणाली. "पण आधी आईला पूर्ण दाखवा."

"रेंज नाय गं इथं..."

"फोन लांब धरा. मला आईचे दोन्ही हात बघायचेत."

"अगं, तिचे दात..."

"अण्णा, काल बुद्धांपुढं आईनं एकच हात उचलला. माझ्या आईनं? एकच हात?" तिचा आवाज फुटला. "मी रात्रभर झोपले नाही."

कडुबांनी केसरबाईंकडे पाहिलं. केसरबाईंनी मान हलवली, दाखवा म्हणून. त्यांनी फोन खिडकीत टेकवून ठेवला आणि बाजूला झाले. खुर्चीत बसलेली आई, मांडीवर पडलेला हात, किंचित ओढलेला ओठ, सगळंच एकदम पोरीसमोर आलं. रूपा तोंडावर हात दाबून रडली. किती वेळ, ते कुणी मोजलं नाही.

मग तिने सांगितलं. पुस्तकांचं दुकान नव्हतंच. तो वृद्धाश्रम होता. शाळा सुटल्यावर ती तिथे काम करायची, सरकारने विद्यार्थ्यांना ठरवून दिलेत तेवढे तास. घंटी म्हाताऱ्यांच्या खाटेची. कुणाला पाणी हवं असलं, संडासला जायचं असलं की ते दाबतात. महिन्यातून एकदा त्यांना गाडीतून फिरायला नेतात. हरवू नयेत म्हणून पिवळ्या टोप्या घालतात. तिचं सगळं जपानदर्शन त्याच गाडीतून झालं होतं. काल हाक मारणारा गाडीचा ड्रायव्हर होता.

"तिथं काय काय करतीस?" कडुबांनी विचारलं.

"सगळंच. भरवते, अंघोळ घालते, कपडे बदलते. डायपर बदलते."

कडुबा ताडकन उठले. "याच्यासाठी धाडलं व्हय तुला? माझ्या बापानं, कचरूनं, गावची मेलेली ढोरं वढली. बाबासाहेबांचं ऐकून सोडलं, तर गावानं दाणापाणी तोडलं. उपाशी राह्यला, पर पुन्यांदा हात लावला नाय. आन् तू विमानात बसून दुसऱ्याची घाण काढायला गेलीस?"

"म्हणूनच सांगितलं नव्हतं," रूपा शांतपणे म्हणाली. "तुम्ही हेच बोलणार हे मला माहीत होतं. अण्णा, आजोबांना ते करावंच लागायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. मी उद्या नाही म्हटलं तरी माझ्या अंगावर कुणी येणार नाही. आणि त्या आज्या माझी जात विचारत नाहीत, मी त्यांची विचारत नाही." तिने पुन्हा आईच्या हाताकडे पाहिलं. "आईचं कोण करतं?"

कडुबांनी केसरबाईंचा घसरलेला पदर खांद्यावर सारखा केला.

"बाई लावलीय?"

"नाय. मीच."

"सगळं?"

"सगळं."

"घाण वाटते?"

"तिची कसली आलीय घाण!" कडुबा खेकसले, आणि खेकसल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो. ते खाली बसले.

रूपाने विचारलं, "पोलकं घालताना कुठला हात आधी घालता?"

"चांगला. मंग दुखरा वढून घालतो. लई वरडती."

"उलटं करा. आधी दुखरा हात घालायचा, मग चांगला. काढताना आधी चांगला." कडुबांनी हवेतच हात हलवून ते करून बघितलं. रूपाने नाक पुसलं. "जाऊ द्या. आता तुम्हाला नाही करावं लागणार. मी येते. शाळेत उद्या सांगते, आणि या आठवड्यात निघते."

ज्या गोष्टीसाठी इतके महिने खोटं बोलले, ती अशी समोर येऊन उभी राहिली. मघाशी जे फर्मान सोडायचं ठरवलं होतं, ते पोरगी स्वतःच स्वतःवर बजावत होती. येऊ नको म्हणावं, तर बायकोच्या हाताकडे बघून जीभ उचलेना. ये म्हणावं, तर पोरीच्या तोंडाकडे बघून उचलेना. जन्मभर दुसऱ्यांच्या भेटी वेळेवर संपवणाऱ्या माणसाला ही भेट संपवता येईना.

तेवढ्यात केसरबाईंनी उजवा हात वर केला. थांब, म्हणून. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. दोघंही वाट बघत राहिले.

"तिथं," त्या म्हणाल्या, "माझ्यावानी कोन हाय का?"

"आहे ना. एक आजी आहेत. त्यांचाही डावाच हात गेलाय. आधी मी दिसले की तोंड फिरवायच्या. आता माझ्याच हातून जेवतात."

"तिला पोरं न्हाईत?"

"मुलगा आहे. लांब असतो. कधीतरी रविवारी येतो, थोडा वेळ बसतो."

"ती त्याला काय म्हनती?"

रूपा जरा थांबली. "बरी आहे म्हणतात. काळजी करू नको म्हणतात."

केसरबाई हसल्या, ओठाच्या एका बाजूने.

"मंग तू तिचं कर," त्या म्हणाल्या, एकेक शब्द सोडवून. "माझं ह्ये करत्यात. लई चांगलं करत्यात."

इतक्या वर्षांच्या संसारात केसरबाईंनी नवऱ्याबद्दल असं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, खुद्द कडुबांनाही नाही. कडुबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. रूपा तिकडून विचारत होती, "अण्णा? अण्णा, दिसत का नाही तुम्ही? इकडं बघा ना," आणि ते बघत नव्हते, कारण या वेळी लावायला त्यांच्यापाशी कुठलाच चेहरा नव्हता.